मेंढी डावीकडे सरकवताना

हिंगोलीच्या कॉलेजात कॉम्प्युटरच्या शेवटच्या वर्षाला आम्ही दोघी एका बाकावर बसायचो आणि मुलींच्या वसतिगृहात एका खोलीत राहायचो. मी सेनगावकडची, सोयाबीन-तुरीच्या घरातली. ती कळमनुरीकडची. तिच्या वडिलांची मेंढरं होती आणि जोडीला थोडी कोरडवाहू जमीन. जिल्हा तेव्हा नवा होता, कॉलेजातली लॅब त्याहून नवी होती. गावी गेलं की बायका विचारायच्या, "त्या कॉम्प्युटरवर करता तरी काय गं?" आम्ही "प्रोग्राम" म्हणायचो. त्याच्या पुढं कुणी विचारायचं नाही, आणि खरं सांगायचं तर पुढचं आम्हालाही नीट सांगता आलं नसतं.

आम्हाला हसू फार यायचं. एकीला आलं की दुसरीला यायचंच, कारण कळायच्या आत. मेसमध्ये भाजीत मिरची जास्त झाली तरी हसू, कमी झाली तरी हसू. वसतिगृहाच्या रेक्टर मॅडम म्हणायच्या, "या दोघींना एका ओळीत बसवू नका." पण खोली त्यांनीच दिली होती, त्यामुळे इलाज नव्हता.

प्रकल्पाचे विषय ठरवायचा दिवस आला. आमचे सर तरुण होते, गंभीर होते, शर्टाच्या खिशाला कायम दोन पेनं. ते वैतागून म्हणाले, "दरवर्षी तेच. ग्रंथालय, दवाखाना, बँक. वेगळं काही सुचतं का कुणाला?"

माझी मैत्रीण उभी राहिली. "सर, मेंढरांचं चालंल का?"

वर्ग हसला. सर हसले नाहीत. "म्हणजे काय करणार?"

"कोणत्या मेंढीला कवा लस दिली, कोणतं कोकरू कोणाचं, लोकर कवा कातरली, समदं कॉम्प्युटरात ठेवायचं. आमच्या बाबाच्या डोक्यात हाये ते समदं, पण बाबा रानात असले की घरी कोणालाच सांगता येत न्हाई."

सरांनी ते आपल्या यादीत लिहून घेतलं. मग म्हणाले, "चालेल. पण आधी आकृती. आकृतीशिवाय प्रोग्रामची एक ओळ लिहायची नाही. मॉडेल पक्कं पाहिजे."

ही आकृती म्हणजे घर बांधण्याआधीचा नकाशा असतो तसं. आपल्या कामातल्या प्रत्येक गोष्टीला एक चौकोन द्यायचा आणि त्यांची एकमेकांशी नाती रेघांनी दाखवायची. मेंढी हा प्राण्याचा एक प्रकार, म्हणून मेंढीच्या चौकोनातून निघून प्राण्याच्या चौकोनाला टेकणारा बाण. कळपात पुष्कळ मेंढ्या, म्हणून तिथं वेगळी रेघ, तिच्या टोकाला बारीक अक्षरांत किती ते लिहायचं. मेंढपाळ, कुत्रा, डॉक्टर, लस, कोकरू, लोकर, सगळ्यांना चौकोन. कागदावर आम्ही ते एका दुपारी काढलं आणि स्वतःवर बेहद्द खूश झालो.

मग ते कॉम्प्युटरवर काढायचं होतं. सरांनी त्यासाठी कुठूनतरी एक सीडी आणली होती. सुरुवातीला तर जादूच वाटली. एक बटण दाबलं की चौकोन उमटायचा, नाव टाइप केलं की तो आपोआप रुंद व्हायचा, दोन चौकोनांमध्ये माऊस ओढला की सरळसोट रेघ. माझी मैत्रीण म्हणाली, "काय सोपं हाये बये हे. आपण उगीच भिऊन राहिलो होतो."

सगळं काढून झालं. फक्त मेंढीचा चौकोन जरा उजवीकडे गेला होता आणि लशीच्या चौकोनाला खेटून बसला होता. मी म्हटलं, एवढं डावीकडे घेऊ.

मी मेंढीला धरलं आणि सरकवलं. मेंढी सरकली. पण तिच्या रेघा तिच्यामागं सरळ आल्या नाहीत. कोकराची रेघ आधी वर गेली, तिथून उजवीकडे वळली, कळपाच्या चौकोनाला वळसा घातला आणि पाठीमागून येऊन मेंढीला चिकटली. लशीची रेघ डॉक्टरच्या पोटातून आरपार गेली. रेघेवरची अक्षरं तर रेघेसोबत आलीच नाहीत. "लस देतो" हे शब्द पडद्याच्या कोपऱ्यात एकटेच उभे होते, कोण कुणाला लस देतंय याचा पत्ता नाही.

"परत ठेव," ती म्हणाली.

मी मेंढी परत ठेवली. रेघा परत आल्या नाहीत. उलट कोकराच्या रेघेला आणखी एक गाठ पडली.

मागं जायचं बटण दाबलं तर ते एकच पाऊल मागं जायचं. दुसऱ्यांदा दाबलं की मागं गेलेलं पुन्हा पुढं यायचं. मी दाबत राहिले आणि मेंढी पडद्यावर इकडून तिकडे, तिकडून इकडे उड्या मारत राहिली. मैत्रिणीनं तोंडावर ओढणी धरली. तिचे खांदे हलताना दिसले आणि माझाही ताबा सुटला.

त्यानंतरचे काही दिवस आमचं रोज हेच चाललं. सगळे चौकोन एकदम निवडून सरकवू म्हटलं, तर एकेकावर काळजीपूर्वक टिचकी मारत जायचं, आणि शेवटच्याला बोट जरा कुठं रिकाम्या जागी लागलं की सगळी निवड पुसली जायची. कळपाला म्हणून आम्ही एक मोठा चौकोन काढला होता, त्यात मेंढी, मेंढा, कोकरू ठेवले होते. तो मोठा चौकोन सरकवला तर कळप एकटाच निघून गेला, मेंढरं जागच्या जागी. ती म्हणाली, "आमच्या बाबाला हे दाखवलं तर बाबा रडंल." एकदा मी बाणाचं टोक जरा वर उचललं आणि सोडलं तर ते सगळ्यात जवळच्या चौकोनाला जाऊन चिकटलं. तो डॉक्टरचा चौकोन होता. आता आमच्या आकृतीप्रमाणे मेंढी हा डॉक्टरचा एक प्रकार होता.

मी ते वाक्य हळू आवाजात वाचून दाखवलं. तिनं पुढचं वाचलं, "आणि कोकरू हे लहान डॉक्टर."

तोवर सर मागं येऊन उभे राहिले होते. "हसायचं असेल तर बाहेर जाऊन हसा. इथं मशीनसाठी दुसरी मुलं वाट पाहताहेत." आम्ही बाहेर गेलो आणि व्हरांड्यातल्या खांबाला टेकून डोळ्यांत पाणी येईपर्यंत हसलो. पाणी पुसून परत आत गेलो तर सरांनी नुसतं भुवया उचलून विचारलं, "झालं?" आणि आम्ही पुन्हा बाहेर.

त्या सॉफ्टवेअरमध्ये सगळं आपोआप नीट मांडायचं एक बटण होतं. आम्ही त्याला हात लावत नव्हतो, कारण दुसऱ्या गटातल्या एका मुलानं ते दाबलं होतं आणि त्याचं ग्रंथालय त्याला पुन्हा कधी सापडलं नाही असं म्हणत. शेवटी कंटाळून एक दिवस मैत्रीण म्हणाली, "दाब. याच्याहून वाईट काय होणार हाये." मी दाबलं. सगळे चौकोन एका उभ्या रांगेत जाऊन बसले, रेशनच्या दुकानापुढं बसावेत तसे, आणि सगळ्या रेघा एका बाजूला इतक्या दाट जमा झाल्या की ती काळी भिंतच दिसत होती. तेवढ्यात लाइट गेली. बॅटरीनं थोडं कुईं कुईं केलं आणि पडदाही काळा झाला. ती म्हणाली, "बरं झालं. डोळ्यांपुढून गेलं."

सरांना दाखवायची तारीख जवळ येत होती. अडचण एकच होती. कुणाला कुठं बसवलं म्हणजे रेघा एकमेकींना आडव्या जाणार नाहीत, ते आम्हाला आधी कळायला हवं होतं. म्हणजे पडद्यावर पहिल्याच खेपेला सगळं जागच्या जागी काढता आलं असतं आणि काही हलवायची वेळ आली नसती. कागदावर खोडून खोडून कागद फाटत होता.

रविवारी सकाळी वसतिगृहाच्या अंगणात मुली डोकं धुऊन केस वाळवत बसल्या होत्या. माझी मैत्रीण पायरीवर उभी राहून त्यांच्याकडे बघत होती. मग माझ्याकडे वळून म्हणाली, "पोरी हायेत की एवढ्या."

"मग?"

"चौकोन म्हणून ह्यांनाच उभ्या करू. ओढण्या आणा गं सगळ्याजणी."

ओढण्यांचा ढीग पडला. ती एकेकीला हाताला धरून उभी करत गेली. तू मेंढी. तू कोकरू, खाली बस. तू लस. तू डॉक्टर. जवळा बाजार गावची एक उंच मुलगी होती, तिला तिनं सांगितलं, "तू कुत्रं."

"मला काहून कुत्रं केलं?"

"तुझा आवाज मोठा हाये म्हणून."

त्या मुलीनं जरा विचार केला आणि मग इमानदारीनं एकदा भुंकली. कोकरू झालेली मुलगी हसता हसता पाठीवरच पडली.

आता जिथं नातं तिथं ओढणी. एक टोक हिच्या हातात, दुसरं तिच्या हातात. थोड्याच वेळात अंगणात असं जाळं झालं की लोकर झालेल्या मुलीला हालताच येईना. तिच्या मानेवरून एक ओढणी, गुडघ्याजवळून दुसरी. मी दोन्हींच्या खालून वाकून जात सांगत होते, "मेंढी, तू इकडं ये. डॉक्टर, दोन पावलं मागं. कुत्रं, तू मेंढपाळाच्या पलीकडून जा, मधून न्हाई."

आणि मग एक साधी गोष्ट दिसली, आणि ती बघून मला भरूनच आलं. एक मुलगी सरकली की तिची ओढणी तिच्यासोबत सरकायची. बाकीच्या जागच्या जागी उभ्या राहायच्या. ओढणी कुणाला वळसा घालायची नाही, कुणाच्या पोटातून जायची नाही. आम्हाला त्या सॉफ्टवेअरकडून एवढंच हवं होतं.

आवाज ऐकून रेक्टर मॅडम बाहेर आल्या. ओढण्या मात्र कुणी सोडल्या नाहीत.

"हे काय चाललंय?"

"मॅडम, सरांनी दिलेलं काम हाये," मैत्रीण म्हणाली. "मॉडेल पक्कं करून राहिलो."

मॅडमनी पदर खोचून सगळ्या बाजूंनी फेरी मारली. त्या शिवणकामात हुशार होत्या, धागा कुठून कुठं जातो ते त्यांच्या नजरेला लगेच कळायचं. "ही निळी ओढणी आडवी जातेय. या पोरीला हौदाकडं उभी करा म्हणजे सुटेल." आम्ही लशीला हौदाकडं उभं केलं. निळी ओढणी सुटली. मॅडमना आता रस वाटायला लागला होता. "आणि या तिघींच्या ओढण्या मोकळ्याच का धरल्यात?"

मेंढी, मेंढा आणि कुत्रं यांच्या त्या ओढण्या होत्या. त्या जाणार होत्या प्राण्याकडं, आणि प्राणी व्हायला कुणी मुलगीच उरली नव्हती.

माझ्या मैत्रिणीनं हौदाच्या कट्ट्याकडं पाहिलं, मग मॅडमकडं. "मॅडम, तुमी जरा तिथं वर उभ्या राहता का?"

मॅडम कट्ट्यावर चढल्या. त्यांच्या हातात ओढण्यांची टोकं दिली, एक मेंढीची, एक मेंढ्याची, एक कुत्र्याची. "मी कोण आहे यात?"

मैत्रीण फार नम्रपणे म्हणाली, "तुमी सगळ्यात वरच्या, मॅडम. हे सगळे तुमच्यापासून झालेत."

मॅडमचा चेहरा खुलला. त्या ताठ उभ्या राहिल्या. आणि तेव्हा जमिनीवर बसलेलं कोकरू बारीक आवाजात म्हणालं, "मॅडम प्राणी हायेत."

मग मॅडमनी खाली बघून अगदी शांतपणे विचारलं, "आणि तू?"

"मी कोकरू, मॅडम."

"मग गप बस. माझ्यापासूनच झालीस तू."

त्यानंतर जो हशा उठला तो आवरेना. कुत्रं भिंतीला धरून हसत होतं, डॉक्टरला ठसका लागला, मेंढपाळाच्या हातून सगळ्या ओढण्या सुटल्या. मॅडम स्वतः कट्ट्यावर बसून पदरानं डोळे पुसत होत्या. मला एका बाजूला हसू येत होतं आणि दुसऱ्या बाजूला धास्ती वाटत होती की मांडणी मोडायच्या आत उतरवून घ्यायला हवी. मी जुन्या कॅलेंडरच्या पाठकोऱ्या पानावर कोण कुठं ते भराभरा लिहून घेतलं.

सोमवारी आम्ही पडद्यावर नव्यानं काढलं. कॅलेंडरचं पान मशीनला टेकवून, वरून खाली, एकेक चौकोन पहिल्याच खेपेला त्याच्या जागी. मैत्रीण माऊस धरायची आणि मी तिच्या कोपराला कुणाचा धक्का लागू नये म्हणून आडवी उभी राहायचे. काढून झालं तेव्हा एकही रेघ दुसरीला आडवी जात नव्हती. सर आले, बघितलं, दोन पेनांपैकी एक काढून परत खिशात ठेवलं. "प्रिंट काढून घ्या," ते म्हणाले. "लगेच."

तोंडी परीक्षेला नांदेडहून परीक्षक आले. वयस्क, जाड चष्मा, आवाज हळू. त्यांनी आमच्या फायलीतली आकृती बराच वेळ पाहिली. मग मैत्रिणीला विचारलं, "कुत्र्याची रेघ मेंढपाळाला जोडलीय. कळपाला का नाही?"

कुत्रा म्हटल्यावर मला जवळा बाजारची मुलगी दिसली. मी खाली मान घालून ओठ चावला.

मैत्रीण म्हणाली, "सर, कुत्रं आमच्या बाबाचं ऐकतं. मेंढरांचं न्हाई ऐकत."

"पण मेंढरं कुत्र्याचं ऐकतात ना?"

"व्हय सर. ऐकतात."

"मग ते नातं झालं. ती रेघ पाहिजे." ते बरोबर होतं. आम्हाला दोघींनाही ते सुचलं नव्हतं. "मशीनवर आहे ना? काढून दाखवा."

तिनं आकृती उघडली आणि कुत्र्यापासून कळपापर्यंत रेघ ओढली. ती रेघ मेंढपाळाच्या डोक्यावरून गेली.

"आता कुत्रा जरा वर घ्या," परीक्षक म्हणाले, "म्हणजे सुटेल."

आमच्या शेजारी उभ्या असलेल्या सरांनी डोळे मिटले. मैत्रिणीनं माऊसवरून हात काढून घेतला आणि ओढणीत गुंडाळला. मी म्हटलं, "सर, नको."

"का?"

"हलवलं की बिघडतं, सर."

"असं कसं बिघडेल?" त्यांनी खुर्ची पुढं ओढली, चष्मा सारखा केला, आणि कुत्र्याला धरून जरासं वर नेलं.

कळपाची रेघ निघाली ती थेट पानाच्या वरच्या टोकाला गेली, तिथून खाली आली आणि लशीला गुंडाळली. मेंढ्याचा बाण घरंगळून लोकरीवर पडला. परीक्षकांनी मागं जायचं बटण दाबलं. पुन्हा दाबलं. कुत्रा वर, कुत्रा खाली, कुत्रा वर. त्यांनी कोकराला बाजूला करून पाहिलं तर कोकराच्या बाणाचं टोक सुटून डॉक्टरला चिकटलं. मग त्यांची नजर आपोआप मांडायच्या बटणावर गेली. आमचे सर पहिल्यांदाच वर्गातला आवाज सोडून काकुळतीनं बोलले. "सर, ते नको, प्लीज."

परीक्षकांनी ते दाबलं.

सगळे चौकोन उभ्या रांगेत जाऊन बसले. शेजारी काळी भिंत उभी राहिली. परीक्षकांनी त्या भिंतीकडे वाकून बघितलं. मग चष्मा काढून टेबलावर ठेवला आणि त्यांचं पोट हलायला लागलं. आवाज नव्हता, नुसतं पोट. "आमच्याकडंही हेच आहे," ते कसेबसे म्हणाले. "मी दोन वर्षं समजत होतो की मलाच येत नाही." ते ऐकून आमचे सर हसले, आणि ते हसताना इतके लहान दिसले की आम्हाला आमचंच हसू विसरायला झालं, पण फार वेळ नाही. बाहेर रांगेत उभी असलेली मुलं दारातून डोकावून बघत होती. आत चाललंय काय ते कुणालाच कळेना.

शेवटी त्यांनी फायलीतल्या छापील आकृतीवर पेननं स्वतःच्या हातानं ती राहिलेली रेघ काढली. सरळ, एका झटक्यात. "हे बरं," म्हणाले. "या तुम्ही."

फाटकापाशी तिचे वडील उभे होते. बाजाराला आले होते, लेकीची परीक्षा म्हणून थांबले होते. खांद्यावर घोंगडी, डोक्याला पटका.

"काय इचारलं?" त्यांनी विचारलं.

"कुत्र्याचं इचारलं, बाबा."

"आन् काय सांगितलं?"

"तुमचं ऐकतं म्हून सांगितलं. पण ते म्हणाले, मेंढरं कुत्र्याचं ऐकतात, तेबी लिहा."

त्यांनी मान डोलावली. "बराबर हाये त्यायचं. हुशार दिसतो माणूस." थोडं चालून गेल्यावर थांबून त्यांनी गंभीरपणे विचारलं, "त्यायच्याकडं हाये का कुत्रं?"

रस्त्याच्या मधोमध आम्ही दोघी एकमेकींना धरून उभ्या राहिलो, चालताच येईना. मागून येणारा जीपवाला हॉर्न वाजवायला लागला. तिचे वडील आमच्याकडे बघत राहिले, काय झालं ते त्यांना कळलं नव्हतं, पण लेक हसतेय म्हणून तेही हसायला लागले, आणि आम्हाला दंडाला धरून बाजूला घेत म्हणाले, "चला, भूक लागली असंल. तिकडं गरम भजे काढून राहिला तो."